साखर न घालता

फुकटात राहायला देणाऱ्या घरांची एक वेबसाइट आहे, तिथे त्या घराबद्दल चारच वाक्यं होती. "खोली मोफत. सकाळी तीन तास दोर वळायला मदत करावी. घरात दोघं आहेत. एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोहोचवावं लागेल."

आम्ही समजलो, दोघांपैकी एक बहिरं असणार. नवरा म्हणाला, "मोठ्याने बोलायचं, एवढंच ना? तुझा आवाज आहेच."

पाच महिन्यांतलं ते आमचं एकोणिसावं घर. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली, नवऱ्याने चपला-बुटांच्या दुकानात तेहतीस. दोघांनी एकाच महिन्यात नोकरी सोडली, पाठीवर एकेक सॅक टाकली आणि निघालो. साठीला आलेली माणसं गुडघे सांभाळतात, तुम्हाला हे काय सुचलं, असं सगळे म्हणाले. आम्हीही सांभाळतच होतो, फक्त चालता चालता. तोवर एका दातांच्या डॉक्टरांनी आम्हाला दवाखान्यातल्या बाकांवर झोपवून सकाळी न विचारता आमचे दात तपासले होते. एक निवृत्त लिफ्टमन आम्हाला रोज त्याच्या इमारतीच्या वेगळ्या मजल्यावर जेवायला घेऊन गेला होता. त्यापुढे बहिऱ्या माणसाचं घर म्हणजे काहीच नाही, असं धरून आम्ही शनिवारी दुपारी तिथे पोचलो.

बहिरं कुणीच नव्हतं. दार एका उंच, सत्तरीच्या माणसाने उघडलं. तळहातांना घट्टे, बाह्यांवर सुताचे तंतू. त्याच्या मागे तीन पावलांवर त्याची धाकटी बहीण उभी होती, पदराला हात पुसत. तो नवऱ्याला म्हणाला, "तिला सांगा, पाहुणे आले."

बहीण आमच्याकडेच बघत होती. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाला, "पाहुणे आले."

"त्याला सांगा, मला डोळे आहेत," बहीण म्हणाली. मग आमच्याशी अगदी मायेने बोलली, "या, बसा. पाणी आणते."

अकरा वर्षं ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. एका छपराखाली राहायची, एका पातेल्यातलं जेवायची, एकच धंदा करायची, पण शब्द नाही. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो, म्हणून त्यांची बहीण आपोआप आत्या झाली. पूर्वी त्यांच्याकडे एक जुना कारागीर होता, तो बोलणं इकडचं तिकडे करायचा. दोन वर्षांपूर्वी त्याचे कान गेले आणि तो सुटला. मग त्यांच्या भाचीने घर त्या वेबसाइटवर टाकलं आणि तेव्हापासून पाहुणे हे काम करतात.

पहिल्याच जेवणाला आत्यांनी नियम सांगितला. "जे म्हटलं तेच सांगायचं. त्यात साखर घालायची नाही आणि मीठही घालायचं नाही."

मला तो नियम एकदम पटला. मी आयुष्यभर दुसरं काय केलं? रक्तात जेवढी साखर, तेवढीच रिपोर्टवर. लोक काउंटरवर येऊन माझ्या तोंडाकडे बघायचे, मी आकड्याकडे बघायचे. नवऱ्याचं उलट. त्याच्या दुकानात आलेल्या कुठल्याही माणसाला बूट चावला की तो म्हणायचा, "वापरला की सैल होतो." तेहतीस वर्षं हे एक वाक्य विकून त्याने संसार केला. साखरपेरणी त्याच्या रक्तात होती, आणि ती कुठल्याही मशीनवर मोजता आली नसती. स्वभावाने मात्र माणूस सोन्यासारखा. मी चिडले की सगळं जग माझ्याबद्दल किती चांगलं बोलतं हे तो सांगत बसायचा.

दोर वळायची शेड घराला लागूनच होती. रुंदी एका खोलीएवढी, लांबी शंभर फूट. एका टोकाला भिंतीवर लोखंडी चाक आणि त्याला तीन आकडे. प्रत्येक आकड्याला सुताचा एकेक पेड बांधलेला. ते तीन पेड शंभर फूट ताणून दुसऱ्या टोकाला एका गाड्यावरच्या एकाच आकड्याला अडकवायचे. आत्या चाक फिरवायच्या, भिंतीकडे तोंड करून. काका गाड्याजवळ बसायचे आणि दोर कसा पडतोय ते हाताने आणि नजरेने तपासायचे. मधल्या माणसाने तीन खाचांचा एक लाकडी ठोकळा धरून काकांच्या टोकाकडून आत्यांच्या टोकाकडे हळूहळू चालत जायचं. त्याच्या पुढे तीन पेड वेगळे असतात आणि मागे त्यांचा एक दोर झालेला असतो. ठोकळा माझ्याकडे आला, कारण माझा हात हलत नाही. निरोप्याचं काम नवऱ्याकडे गेलं, कारण त्याची जीभ थांबत नाही.

गाड्यावर दगड ठेवलेले असायचे, तरी पीळ बसेल तसा दोर आखडायचा आणि गाडा काकांना घेऊन पुढे सरकायचा. सुरुवातीला शंभर फुटांवर असलेले काका दोर पुरा होईपर्यंत बहिणीपासून सत्तर फुटांवर आलेले असायचे. मग ते उठून गाडा परत मागे ढकलत न्यायचे. दिवसातून तीनदा हे व्हायचं. नवरा माझ्या कानात म्हणाला, "सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात ना, ते याच घरात बघून म्हटलं असणार."

मी हसले. हसायला मला काय जात होतं? माझ्या सख्ख्या बहिणीशी मी तीन वर्षं बोलले नव्हते.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. बाबा अंथरुणाला खिळल्यावर सहा वर्षं तिने त्यांचं सगळं केलं. मी दोन महिन्यांतून एकदा पाहुण्यासारखी जायचे आणि हे करा, ते करू नका, असं सांगून परत यायचे. उंटावरून शेळ्या हाकणं मला चांगलं जमतं. बाबा गेले. आठव्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना ताईचं आणि माझं कशावरून तरी वाजलं. एका चादरीवरून असेल. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तीन महिने आधी रक्त तपासून घेतलं असतंस तर बाबा आज असते."

ताई एक शब्द बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही.

मधला माणूस नवरा. तो दर पंधरा दिवसांनी ताईला फोन करायचा, माझ्यापासून लांब जाऊन, आणि परत येऊन सांगायचा. "ताई तुझ्या गुडघ्याची चौकशी करत होत्या." "ताई म्हणत होत्या, झालं गेलं विसरून जाऊ." हे ऐकून ऐकून माझ्या मनात विषय मिटला होता. पाण्यात काठी मारून पाणी थोडंच दुभंगतं, असं मी स्वतःलाच सांगायचे. कधीतरी भेटू, काही न बोलता एकमेकींच्या ताटात वाढू, आणि संपेल.

त्या आठवड्यात शुक्रवारी ताईची छाती उघडून हृदयाची झडप बदलायची होती. मी नवऱ्याला म्हटलं होतं, जाऊ या का परत? त्याने फोन केला आणि येऊन सांगितलं, "ताई म्हणतात, इतक्या लांबून धावत येऊ नका. मजेत फिरा. मी बरी झाले की बोलू." मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

रविवार आणि सोमवार ठीक गेले. मला वाटलं तरी तसं. दोर होत होते, जेवणं होत होती, आणि नवरा शंभर फुटांची येरझार करून दोन्हीकडची वाक्यं पोहोचवत होता. आत्या दिवसागणिक खुलत चालल्या होत्या. रविवारी भोपळ्याची भाजी होती, सोमवारी पुन्हा तीच. मंगळवारी सकाळी त्यांनी धुवून घडी केलेली साडी नेसली होती आणि चाक फिरवताना काहीतरी गुणगुणत होत्या. काकांचं तोंड मात्र उतरलेलं होतं. मी मनात म्हटलं, असते एकेकाची प्रकृती.

मंगळवारचा दोर मोठा होता. उंच इमारतींना बाहेरून रंग देणारी माणसं ज्या झुल्यावर बसतात, त्या झुल्यासाठी. काकांनी सुरुवातीलाच सांगितलं, "यावर माणूस लटकणार आहे." मी ठोकळा घेऊन वीसएक पावलं गेले असेन, तेव्हा मागून काकांचा आवाज आला. त्यांनी नवऱ्याला सांगितलेलं वाक्य मी शब्दन् शब्द ऐकलं. "तिला सांगा, थांबव. तिसरा पेड ढिला आहे. डोळे काय खुंटीला टांगलेत?"

नवरा माझ्या बाजूने लगबगीने पुढे गेला. चाकाच्या खडखडाटात तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण आत्यांनी मान वळवून हसून त्याच्याकडे बघितलेलं दिसलं. आणि चाक थांबलं नाही. चार फेरे, पाच फेरे. माझ्या मागे दोरातून एक पेड वर आला आणि बोटभर फुगून आटी पडली, मग दुसरी, मग तिसरी. काका उठून उभे राहिले. ते ओरडले नाहीत. गाड्यावरचे दगड त्यांनी एकेक करून खाली ठेवले.

आत्यांनी चाक सोडलं आणि पहिल्यांदाच त्या शेडच्या मधोमध चालत आल्या. खराब झालेल्या जागी त्यांनी हात ठेवला. मग नवऱ्याला विचारलं, "त्याने तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"हेच, की तिसऱ्या पेडाकडे जरा..."

"तुम्ही मला म्हणालात, छान चाललंय, तिसऱ्या पेडाकडे सवडीने जरा बघा. तो काय म्हणाला ते विचारतेय. जसंच्या तसं."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मदत केली नाही. त्याने मान खाली घालून ते वाक्य सांगितलं, खुंटीसकट.

"हां," आत्या म्हणाल्या. "हा त्याचा आवाज." त्यांनी आटीवरून बोट फिरवलं. "आणि परवाची भाजी? तुम्ही म्हणालात, काकांना फार आवडली."

"ते म्हणाले, मीठ जास्त आहे."

"आणि काल, पुन्हा केली तेव्हा?"

नवऱ्याला आता घाम फुटला होता. "ते म्हणाले, तिला सांगा, सूड घ्यायला भाजीच सापडली का."

आत्या खाली बसल्या, त्या आटी पडलेल्या दोराजवळ. काका आपल्या टोकाला पाठमोरे उभे होते. आत्या आमच्याशी शांतपणे बोलायला लागल्या.

"अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे सूत घेऊन एक व्यापारी यायचे. त्यांची बायको वारलेली होती. मी पंचावन्न वर्षांची होते. ते याच्याकडे आले आणि म्हणाले, तुमच्या बहिणीला विचारा, उरलेली वर्षं सोबतीने काढू या का. याने मला विचारलं नाही. याने परस्पर सांगून टाकलं, ती नाही म्हणेल. मला दोन महिन्यांनी कळलं, ते यायचे बंद झाल्यावर." त्यांनी हाताला चिकटलेलं सूत काढलं. "मी नाहीच म्हटलं असतं. मला हे घर सोडायचं नव्हतं. पण ते माझं नाही होतं. ते त्याने माझ्या वतीने खर्च केलं."

त्यांनी एकदा काकांच्या टोकाकडे बघितलं.

"अकरा वर्षं तो माझ्याशी वाकडंच बोललाय, दुसऱ्याच्या तोंडून. पण खोटं बोलला नाही. तुम्ही तीन दिवसांत त्याला खोटं बोलायला लावलंत." मग म्हणाल्या, "आज सकाळी मी ठरवलं होतं, हा दोर झाला की आपणहून त्याच्याशी बोलायचं. एवढं गोड बोलायला लागलाय, म्हटलं, म्हातारा झाला बिचारा."

त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. घडीची साडी मातीने मळली होती.

नवरा खोलीत येऊन कॉटच्या कडेला बसला. मी दार लावून घेतलं. मी चिडले होते, पण तो राग आत्यांसाठी आहे अशी माझी समजूत होती. बोलायला तोंड उघडलं आणि भलताच प्रश्न बाहेर आला.

"ताई काय म्हणाली होती?"

"कधी?"

"शुक्रवारबद्दल. जसंच्या तसं."

तेहतीस वर्षं घट्ट बुटांना सैल म्हणणारा माझा नवरा त्या दिवशी सॅकचा पट्टा सारखा घट्ट-सैल करत राहिला. मग म्हणाला, "ताई म्हणाल्या, तिला यायचं असेल तर तिने मला स्वतः फोन करावा. तुमच्याकडून निरोप नको."

"आणि ते, झालं गेलं विसरून जाऊ?"

"ते मी म्हणालो."

"गुडघ्याची चौकशी?"

"मी सांगायचो तुझा गुडघा दुखतोय. त्या हं म्हणायच्या."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या वर्षी ताई फोनवर धड बोलतही नव्हती. मग एकदा त्याच्याने राहवलं नाही आणि त्याने सांगून टाकलं, ती म्हणते, माझं चुकलं. मी असं काही म्हटलं नव्हतं. ताई म्हणाली, "मग तिला स्वतः म्हणू दे. मी वाट बघते." हा निरोप तो मला देऊ शकत नव्हता, कारण मी विचारलं असतं, मी कधी म्हटलं चुकलं? म्हणून त्याने तो गिळला आणि मला गोड गोड दुसरंच आणून देत राहिला. दोन वर्षं ताई माझ्या फोनची वाट बघत होती आणि दोन वर्षं मी समजत होते की सगळं मिटलंय.

"मला वाटलं, वेळ गेला की आपोआप..." तो म्हणाला.

"वापरला की सैल होतो," मी म्हटलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला खूप बोलले असते. माझं रागावणं नावाजलेलं आहे. माझी माफी होती ती. मी मागितली नसती तरी ती माझी होती, आणि याने ती मला न विचारता देऊन टाकली. आत्यांचंच वाक्य मला त्याच्या तोंडावर मारायचं होतं. पण ते ओठावर येईपर्यंत त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी वर आलं, आणि ते आल्यावर मला त्याच्यावर रागावता येईना.

कारण आम्हा दोघांत सगळ्यात मोठं खोटं मी बोलले होते.

ती गोष्ट मी नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती. बाबा गेल्यावर त्यांचे सगळे रिपोर्ट मी बघितले होते. त्या आठव्या दिवसाच्याही आधी. एकतीस वर्षं मी तेच वाचत आले होते. तो आजार ज्या टप्प्यावर होता, तिथे तीन महिने आधी तपासलं काय आणि सहा महिने आधी तपासलं काय, काही फरक पडला नसता. हे मला त्या चादरीच्या भांडणात उभी असताना पक्कं ठाऊक होतं. तरी मी ते वाक्य बोलले. सगळ्यांना माहीत होतं की मी आकड्यात कधी चूक करत नाही, म्हणून सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला. ताईनेही ठेवला. नवऱ्याच्या साखरेने काय झालं असेल ते असो, माझ्या एका वाक्याने माझी बहीण तीन वर्षं बाबांना आपण मारलं असं समजून जगत होती. आणि शुक्रवारी तेच मनात घेऊन ती टेबलावर झोपणार होती.

मी नवऱ्याला हे सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. काही गोड बोलायला त्याला सुचलं नाही, त्याबद्दल मी त्या क्षणी त्याची फार ऋणी होते.

"आत्ता कर फोन," तो म्हणाला.

मला धीर झाला नाही. त्या संध्याकाळी मी चार वेळा फोन हातात घेतला आणि चार वेळा ठेवला. ताईने फोन उचलून काही न बोलता बंद केला तर? त्यानंतर मी तिला ते कसं सांगणार होते? लोकांना वाईट आकडे सांगताना माझा आवाज कधी हलला नव्हता, पण ते आकडे दुसऱ्यांचे होते.

बुधवारी सकाळी आम्ही सॅक भरल्या. आता निघा म्हणतील, अशी तयारी होती. आत्यांनी चहा दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तो दोर पुन्हा वळायचाय. रंगवाले उद्या येतील. आता निरोप तुम्ही द्यायचे, ठोकळा यांच्याकडे द्या." नवऱ्याने मुकाट्याने ठोकळा घेतला.

चाक सुरू करण्याआधी आत्या मला म्हणाल्या, "त्याला सांगा, भाजीत मीठ जास्त होतं हे मला काल कळलं. रविवारीच कळलं असतं तर सोमवारी केली नसती."

मी शंभर फूट चालत गेले आणि शब्द न बदलता काकांना सांगितलं. ते गाड्यावर दगड रचत होते. हातातला दगड तसाच धरून त्यांनी विचारलं, "म्हणजे मुद्दाम केली नव्हती?"

"हा निरोप आहे का?"

"नाही, नाही. थांबा." त्यांनी दगड ठेवला, तळहात विजारीला पुसले. "तिला सांगा, खारट होती. पण दोन्ही दिवस मी संपवली."

मी परत शंभर फूट चालले. वाटेत मला मोह झाला नाही असं नाही. आवाज जरा हळवा करावा, 'पण'वर थोडं थांबावं, एवढंसंच. नवरा ठोकळा धरून उभा होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. मी आत्यांसमोर उभी राहिले आणि सपाट आवाजात सांगितलं, "खारट होती. पण दोन्ही दिवस मी संपवली."

आत्यांनी चाकाच्या मुठीवर हात ठेवला होता. मग पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "हे त्याचंच आहे."

"हो," मी म्हटलं.

"तुम्ही यात काही घातलं नाहीत."

"नाही."

त्यांनी भिंतीकडे वळून चाक सुरू केलं. पण दर पाच-सहा फेऱ्यांनी त्यांची मान मागे वळत होती, शेडच्या त्या टोकाकडे. काकांना ते दिसत असणार. पीळ बसत गेला तसा गाडा सरकत आला, काका त्याच्यासोबत, दहा फूट, वीस फूट. दोर चांगला पडत होता. माझ्याकडे बराच वेळ कुणाचाच निरोप नव्हता.

त्या शेडमध्ये फोनला रेंज फक्त काकांच्या टोकाच्या खिडकीशी मिळायची. मी तिथे गेले. काका गाड्यासोबत पुढे सरकलेले असल्याने ती जागा मोकळी होती. मी नंबर लावला. हाताला लागलेले सुताचे तंतू फोनला चिकटले.

तिसऱ्या घंटेला ताईने उचलला. "बोला." नवऱ्याच्या ऐवजी माझा नंबर आहे हे तिने पाहिलं असणारच.

"ताई, मी बोलतेय."

ती काही बोलली नाही. बंदही केला नाही. मागे कुणीतरी भांडी लावत होतं. मी तयार करून ठेवलेली सगळी वाक्यं गेली. माफी मागावी, रडावं, शुक्रवारबद्दल विचारावं, हे सगळं सुचत होतं, पण तिला हवं होतं ते यातलं एकही नव्हतं.

"बाबांचे रिपोर्ट मी आठव्या दिवसाच्या आधीच बघितले होते," मी म्हणाले. "सगळे. आधी तपासलं असतं तरी काही झालं नसतं. तीन महिने नाही, सहा महिने आधी तपासलं असतं तरी नाही. हे मला तेव्हाच माहीत होतं. मी खोटं बोलले."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला, कदाचित तिने हात करून थांबवला असेल. तिचा श्वास मला ऐकू येत होता, जड आणि थोडा घरघरता, झडप खराब झाल्यावर येतो तसा.

"तुझ्या नवऱ्याने मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं," ती म्हणाली, "तू म्हणालीस चुकलं म्हणून."

"ते तो म्हणाला होता. मी आज म्हणतेय."

शेडमध्ये चाक थांबलं होतं. दोर पुरा झाला होता. मी डोळे मिटून घेतले आणि ती फोन ठेवण्याची वाट बघत राहिले.

"ते रिपोर्टचं," ताई म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "ते पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.